पट्टी डोक्यावर असताना

शर्वी डुंबरेने वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत दातांच्या दोन डॉक्टरांचे चावे घेतले होते. आळेफाट्याच्या डॉक्टरांना अंगठ्यावर आणि जुन्नरच्या डॉक्टरांना मनगटावर, आणि तो दुसरा असा कडकडून की त्यांनाच टाके घालून घ्यावे लागले. सतरा किलोची पोर, एरवी शेळीच्या करडालाही बिचकायची, पण दातांच्या खुर्चीत टेकवली की चार माणसांना आवरायची नाही. २०४१ साल उजाडलं होतं, ट्रॅक्टर माणसाशिवाय शेत नांगरत होते, पण पोरांच्या दाढा किडायच्या त्या किडतच होत्या आणि पोरं रडायची ती रडतच होती.

या खेपेला मात्र टाळून चालणार नव्हतं. उजवीकडची दुधाची दाढ मुळापर्यंत पोखरली होती, गाल लिंबाएवढा सुजला होता आणि ताप हटत नव्हता. दिवाळीची सुट्टी लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी शर्वीची आई प्रतीक्षा तिला घेऊन नारायणगावला डॉ. मृण्मयी औटींकडे आली. औटी मॅडमकडे ‘अभय’ आहे, हे तिने टोमॅटोच्या पॅकहाउसमध्ये मैत्रिणींकडून ऐकलं होतं. ती तिथे प्रतवारीचं काम करायची. नवरा किरण चाकणला कंपनीत, शनिवारी घरी यायचा, त्यामुळे पोरीचं दुखणंखुपणं सगळं तिच्याच गळ्यात होतं.

अभय म्हणजे डोक्याला बांधायची निळी पट्टी. बघायला अगदी साधी.

“यात भूल नाही, गुंगीही नाही,” मॅडमनी समजावलं. “भीती म्हणजे मेंदूत घडी घालून ठेवलेली आठवण असते. कानशिलाच्या आत बदामाएवढा एक भाग आहे, तो ती सांभाळतो. कपाटातून साडी काढली की घडी मोडते आणि ठेवताना पुन्हा घालावी लागते, तसंच आठवणीचं आहे. भीती एकदा जागी झाली की पाच-सहा मिनिटं ती मोकळी असते, मग मेंदू तिला परत मिटून ठेवतो. तेवढ्या वेळात ही पट्टी सोनोग्राफीत असतात तशा ध्वनिलहरी सोडते. आठवण जागच्या जागी राहते. तिच्यातली धास्ती तेवढी परत घडीत जात नाही.”

“म्हणजे विसरणार काहीच नाही?”

“काहीच नाही. फक्त भिणार नाही.” मग मॅडमनी चष्मा काढला आणि सावकाश बोलल्या, “पण एक लक्षात ठेवा, प्रतीक्षाताई. पट्टीला ड्रिल कळत नाही, तिला फक्त भीती कळते. त्या पाच-सहा मिनिटांत पोरीच्या मनात ज्या ज्या गोष्टीची भीती जागी होईल, ती ती जाईल. म्हणून पट्टी डोक्यावर असताना टीव्ही नाही, मोबाइल नाही आणि आपण बोलायचं तर मुळीच नाही.”

प्रतीक्षाने मान डोलावली आणि दाखवलं तिथे सही केली. शाळेत, बँकेत, दवाखान्यात सह्या करायच्याच असतात.

शर्वीच्या डोक्याला पट्टी बांधली. मॅडमनी तिच्यापासून हातभर लांब ड्रिल धरून क्षणभर फिरवलं. घुर्रर्र आवाज झाला आणि शर्वीने असा टाहो फोडला की बाहेर बसलेल्या बायका उठून काचेतून डोकावायला लागल्या. पट्टीवरचा दिवा हिरवा झाला. भीती जागी झाली होती.

आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या खोलीत दाढ काढून घेतलेले एक आजोबा चक्कर येऊन पडले. नर्स हाका मारायला लागली. “हात धरून बसा, एक शब्द बोलू नका, दोन मिनिटांत आले,” म्हणत मॅडम धावल्या.

शर्वी खुर्चीतून घसरत होती, पट्टी ओरबाडत होती. काचेबाहेरच्या बायका आपसात काहीतरी बोलल्या. प्रतीक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही पट्टी काढणार, तिसरा डॉक्टरही हात टेकणार, आणि दाढेतला पू घेऊन आपण पुन्हा घरी जाणार, एवढंच तिला दिसत होतं. आणि तिचं तोंड सुटलं.

“गप बस! बस म्हणते ना! नाहीतर उसातल्या बिबट्याला बोलावते बघ. म्हणते, ही बघ, घेऊन जा हिला!”

त्यापुढेही ती काहीबाही बोलली. अशा वेळी तोंडातून काय काय निघतं ते कोण ध्यानात ठेवतं? हे काही तिने ठरवून केलं नव्हतं. ती स्वतः अशाच बोलण्यावर वाढली होती. जेवली नाहीस तर बागुलबुवा, झोपली नाहीस तर पोलीस, आगाऊपणा केलास तर झोळीवाला बाबा. प्रेम कमी होतं म्हणून नव्हे, हाताशी तेवढंच असायचं म्हणून. शर्वी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे डोळे मोठे झाले, एकदा, आणि मग आणखी एकदा. आणि मग ती हळूहळू शांत झाली.

मॅडम परत आल्या तेव्हा पोर मांडीवर हात ठेवून बसली होती.

“काही बोलला नाहीत ना?”

“नाही हो मॅडम. काहीच नाही.”

पुढचा अर्धा तास प्रतीक्षा बघतच राहिली. शर्वीने स्वतःहून आ केला. इंजेक्शनची सुई हिरडीत जाताना तिने नुसत्या भुवया वर केल्या. ड्रिल चाललं तसा तिने आरसा मागितला आणि आपलीच दाढ कोरताना बघितली. शेवटी तर म्हणाली, “डावीकडची पण करा ना.” काचेबाहेरच्या बायकांनी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या होत्या.

एसटी स्टँडवर प्रतीक्षा तिकिटाच्या रांगेत असताना शर्वीने हात सोडला आणि ती कुठेतरी निघून गेली. आई दोन मिनिटं दिसली नाही तर भोकाड पसरणारी पोर, न्हाणीच्या दारापर्यंत मागे येणारी. प्रतीक्षाने तिला पाच-दहा मिनिटं वेड्यासारखं शोधलं. ती रसवंतीपाशी उसाचं चिपाड बाहेर पडताना बघत निवांत उभी होती. “किती मोठी झालीस गं एका दिवसात,” म्हणत प्रतीक्षाने तिला एक ग्लास रस पाजला. तिला खरंच आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोंगा वाजला.

डुंबऱ्यांचं घर गावापासून लांब, दोन्ही बाजूंनी ऊस. त्या भागात बिबटे काही नवीन नव्हते, उसातच जन्मायचे आणि उसातच मोठे व्हायचे. म्हणून वनखात्याने वस्तीवस्तीवर कॅमेऱ्याचे खांब उभे केले होते. बिबट्या दिसला की भोंगा वाजायचा आणि ज्याने त्याने घरात जायचं. त्या आवाजाने शर्वी हातातलं टाकून घरात पळायची आणि आईच्या ओढणीत तोंड खुपसायची. ते तिला शिकवावं लागलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वस्तीवरची पोर बिबट्याने नेली होती, तेव्हापासून घराघरातली पोरं तशीच पळायची.

त्या दिवशी भोंगा वाजला आणि शर्वी अंगणात भातुकली मांडून बसली होती, ती बसूनच राहिली.

“शरू! आत ये!”

“थांब ना मम्मी. तो जवळून कसा दिसतो गं? त्याच्या मिशा लांब असतात?”

प्रतीक्षाने तिला बखोटीला धरून आत ओढलं आणि कडी लावली. मग ती दाराला पाठ लावून उभी राहिली. आपण खुर्चीशेजारी बिबट्याचं जे बोललो ते तिला शब्दन् शब्द आठवलं. किरणला फोन करावा असं वाटलं, पण त्याला सांगायचं तर आधी आपण काय केलं ते सांगावं लागणार होतं. फोन हातात धरून ती नुसतीच बसली.

सकाळी ती पहिल्या एसटीने नारायणगावला गेली. शर्वीला बाहेर नर्सपाशी ठेवलं. पोर कुरकुरली नाही, की मागे वळून बघितलं नाही. प्रतीक्षाला तेवढंच बरं वाटलं, कारण जे बोलायचं होतं ते पोरीसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

“मॅडम, मी तुमच्याशी खोटं बोलले.”

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावतील असं प्रतीक्षाला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पट्टीने नोंदवलेला आलेख पडद्यावर काढला. सपाट रेघेवर तीन उंचवटे होते.

“हे मी त्याच दिवशी बघायला हवं होतं. आजोबांच्या गडबडीत राहून गेलं,” त्या म्हणाल्या. “हा पहिला उंचवटा म्हणजे ड्रिल. दुसरा तुमचा बिबट्या. त्याच्यापुढे हा तिसरा.”

तिसरा उंचवटा दुसऱ्याच्या दुप्पट होता.

“बिबट्यानंतर काय म्हणालात?”

“आठवत नाही.”

“ताई, नीट आठवा. या पोरीला बिबट्याहून दुप्पट भीती कशाची वाटते?”

प्रतीक्षाने डोकं धरलं. साप म्हटलं असेल? विहीर? चुलीतला निखारा? झोळीवाला? रोज उठता-बसता बोलायच्या गोष्टी, त्यातली त्या दिवशी कुठली निघाली ते तिला कितीही आठवून सापडेना.

“ही पट्टी उलटी नाही का चालवता येत? भीती परत घालायची?”

“नाही. काढता येते, घालता येत नाही.” मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. “पण भिण्याची शक्ती गेलेली नाही, हे लक्षात घ्या. ती शाबूत आहे. लहान मूल कशाला भ्यायचं हे स्वतः ठरवत नाही. ते आईच्या तोंडाकडे बघतं. रांगतं मूल अनोळखी वस्तूपाशी थांबून आधी मागे वळून आईकडे बघतं, पाहिलंय ना? आईच्या चेहऱ्यावर भीती दिसली की ते मागे फिरतं. तोच रस्ता आहे. तुम्ही घाबरलेल्या तिला दिसायला हव्यात. खऱ्याखुऱ्या.”

“मी तर तिला रोज घाबरवतेय, मॅडम.”

“घाबरवता. घाबरत नाही. ‘डॉक्टर पकडीने दात उपटतील’ म्हणताना तुम्ही हसत असाल. पोरीला शब्द कळले आणि हसू कळलं नाही, म्हणून तर ती दोन डॉक्टरांना चावली.”

प्रतीक्षाला हे वर्मी लागलं, कारण ते अगदी खरं होतं. दात घासताना ती रोज हेच म्हणायची.

मॅडमनी ती निळी पट्टी खोक्यात घातली आणि खोकं कपाटात ठेवून कुलूप लावलं. “एकशेचाळीस मुलं झाली माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “कितीदा तरी मी पाणी प्यायला, फोन घ्यायला बाहेर गेलेय. आता एकेका घरी जाऊन विचारायचं, तुम्ही पोराला काय म्हणाला होतात. खरं किती जण सांगतील?”

प्रतीक्षाने पॅकहाउसमधून पंधरा दिवसांची रजा घेतली. अंगणाच्या फाटकाला साखळी आली. ती शर्वीची एकेक परीक्षा घ्यायला लागली. विहिरीच्या काठाशी नेलं, तर पोर मागे सरली. सापाचं चित्र दाखवलं, किंचाळली. निखारा, अंधारी खोली, रस्त्यावरचा ट्रक, सगळ्याला ती पूर्वीसारखीच भीत होती. दर खेपेला प्रतीक्षाचा जीव भांड्यात पडायचा आणि लगेच वर यायचा, कारण तिसरी गोष्ट काही सापडत नव्हती.

भोंगा वाजला की ती छातीवर हात ठेवून, डोळे विस्फारून “बाई गं, बिबट्या!” असं ओरडून बघायची. शर्वी खुदुखुदु हसायची. “मम्मी, तू नाटक करतेस.”

आठव्या दिवशी शेजारच्या शेतात ऊसतोडणीचं यंत्र लागलं. सबंध दिवस त्याची घरघर चालू होती. संध्याकाळी साडेपाचला ते थांबलं. ऊन उतरलं होतं, पण उजेड होता. प्रतीक्षा दोरीवरचे कपडे काढत होती आणि शर्वी घरात पोळी खात होती. फाटकाच्या साखळीला तिचा हात पुरत नाही, अशी प्रतीक्षाची खात्री होती. खुर्ची ओढता येते, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

भोंगा वाजला. प्रतीक्षा वळली. फाटक सताड उघडं होतं.

शर्वी बांधावर, वीसेक पावलांवर, दोन्ही पायांवर उकिडवी बसली होती. हात पुढे केला होता. हातात अर्धी पोळी होती. आणि तिच्यासमोर, न तोडलेल्या उसाच्या पहिल्या ओळीत, जमिनीसरशी, एक पिवळं डोकं होतं.

“ये,” शर्वी म्हणत होती. “ये ना. घे.”

बसलेलं माणूस बिबट्याला सावजाएवढं दिसतं, उभं राहा, हात वर करा, ओरडा, पळू नका, हे सगळं वनखात्याच्या माणसांनी शंभरदा सांगितलं होतं आणि ते सगळं प्रतीक्षाला येत होतं. पण तिचे पाय जमिनीला खिळले. बिबट्याचे कान मागे गेले, पाठ खाली गेली. आणि मग तिच्या आतून एक किंकाळी निघाली, जिच्यात शब्द नव्हता. तिने आयुष्यात तसा आवाज काढला नव्हता.

शर्वीने मागे वळून बघितलं.

आईचा चेहरा पांढराफटक पडला होता, तोंड वेडंवाकडं झालं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यात नाटक नव्हतं. शर्वी त्या चेहऱ्याकडे एक क्षण बघत राहिली. मग तिच्या हातातली पोळी गळली. तिचा ओठ थरथरला, ती ताडकन उभी राहिली आणि “मम्मी!” करून ओरडली. तोवर प्रतीक्षाच्या पायांत बळ आलं होतं. तिने टोमॅटोचा रिकामा क्रेट उचलला आणि तो दगडाने बडवत, ओरडत ती पुढे धावली. उसाची पाती हलली. पिवळं डोकं तिथे नव्हतं.

घरात, कडी लावलेल्या दाराआड, शर्वी हुंदक्यांनी थडथडत होती. तिची चड्डी ओली झाली होती. दवाखान्यात ज्या रडण्याने प्रतीक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तेच रडणं ती आता पोरीला छातीशी धरून ऐकत राहिली, आणि थांबू नये असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला तशी शर्वी घरात पळाली. प्रतीक्षाने मॅडमना फोन केला आणि नंतर किरणला सगळं सांगितलं, आपण बोललेलं धरून. तो म्हणाला, “माझी आई पण असंच म्हणायची.” एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

तिसऱ्या उंचवट्याचं मात्र काहीच कळलं नव्हतं. प्रतीक्षा धास्तावल्यासारखी पोरीवर डोळा ठेवून होती. घरात घसरायला, भाजायला, बुडायला काय काय असतं, याची यादी तिच्या डोक्यात अष्टौप्रहर फिरत होती.

सुट्टी संपली आणि सोमवारी शाळा उघडली. शाळेचं फाटक म्हणजे रोजचा तमाशा होता. शर्वी ओढणीला लोंबकळायची, ‘मम्मी जाऊ नको’ करून गळा काढायची, आणि बाई तिची बोटं एकेक करून सोडवायच्या. त्या दिवशीही प्रतीक्षा पाच मिनिटं आधीच निघाली होती.

फाटकापाशी शर्वीने हात सोडला आणि ती आत चालायला लागली.

“शरू,” प्रतीक्षा म्हणाली. “मी जाऊ?”

“जा ना.”

“रडू नाही येत?”

शर्वी थांबली आणि विचार करून बोलली, अगदी साधं, जेवण झालं सांगावं तसं. “नाही. तू दाताच्या डॉक्टरांकडे म्हणाली होतीस ना, मी चालले तुला इथंच सोडून, परत येणारच नाही. तेव्हा आधी लई भीती वाटली. मग नाही वाटली. मग परत कधीच नाही वाटली.”

प्रतीक्षाला ते वाक्य आठवलं. महिन्यातून वीसदा म्हणायची ती. बाजारात, लग्नात, एसटीत. मी चालले, तू बस इथंच.

तिने फाटकाचा गज धरला. पोरीला उद्या कुणी बोट धरून नेलं तरी ती मागे वळून बघणार नव्हती. रसवंतीपाशी ती हरवली नव्हती, तिला आई नको होती एवढंच, आणि आपण तिला रस पाजला होता. प्रतीक्षाचा चेहरा पांढरा पडला, तोंड वेडंवाकडं झालं. तिला ते आवरता आलं नाही.

शर्वीने तो चेहरा पाहिला. झटकन ती परत आली, आईला चिकटली आणि भेदरून रस्त्याकडे, पलीकडच्या उसाकडे बघायला लागली.

“मम्मी, बिबट्या आलाय?”

प्रतीक्षाच्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. हो म्हटलं असतं तर पोर तशीच चिकटून राहिली असती. आज, उद्या, रोज. सहा वर्षांची सवय जिभेच्या टोकावर येऊन थांबली होती.

“नाही,” ती म्हणाली. “बिबट्या नाहीये, शरू.”

“मग तू का घाबरलीस?”

“तू माझा हात सोडलास म्हणून.”

शर्वीची पकड सैल झाली. तिने रस्त्याकडे पुन्हा एकदा नीट बघून घेतलं. उसात काही नव्हतं. शाळेची घंटा झाली आणि बाकीची पोरं पळाली. तिने आपल्या हाताकडे बघितलं, मग आईच्या हाताकडे. तिला त्यातलं काहीच कळलेलं दिसत नव्हतं.

“बरं,” ती शेवटी म्हणाली आणि हात पुढे केला. “मग धर थोडा वेळ.”

प्रतीक्षाने तो धरला. लहानसा, गरम, अगदी शांत हात. थरथरत होता तो तिचा स्वतःचा.